प्राण्यांना नीती असते का?

निवांत:
'आहारनिद्राभयमैथुनं च' हे सुभाषित आपल्याला माहीत आहेच. भूक, झोप, भीती, कामवासना माणूस आणि पशू दोघांतही सारखी. माणसाचं वेगळेपण काय ते धर्माचं. मला हे पटतं. हनुमान लंगुरांचा बाहेरून आलेला नर टोळी ताब्यात घेतो आणि बरेचदा अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवलं, पुढे अमेरिकन संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानात माउंट अबूला अभ्यास केला. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश वाढतो. पण हा हिशेब नराने मांडलेला नसतो, म्हणून त्याला कोणी खुनी म्हणत नाही. माणसाला म्हणतो, कारण तो थांबू शकला असता.

तर्कट:
प्राण्यांतला वाईटात वाईट नमुना निवडलात की! आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी अनाथ पिल्लं सांभाळतात. २०१० मध्ये अशी १८ उदाहरणं प्रसिद्ध झाली. निम्म्यांत सांभाळणारे नर होते आणि त्यांतला एकच खरा बाप निघाला. इथे कुठला वंश वाढतोय?

निवांत:
ही माया झाली. नीती म्हणजे न्याय-अन्याय कळणं.

साळुंकी:
तेही थोडंफार दिसतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक ब्रॉस्नन आणि द वाल यांचा २००३ चा प्रयोग: शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली की कॅपुचिन माकडीण काकडी नाकारायची.

निवांत:
स्वतःला कमी मिळालं म्हणून रुसणं वेगळं. दुसऱ्याला कमी मिळालं म्हणून हातचं द्राक्ष कोण सोडतं?

साळुंकी:
चिंपांझी! ब्रॉस्नन यांच्याच २०१० च्या प्रयोगात, जोडीदाराला गाजर मिळत असताना द्राक्ष नाकारण्याचं प्रमाण वाढलं. दरवेळी नाही हं. पण आपण तरी दरवेळी कुठे सोडतो?

निवांत:
ठीक, बीज तिथे आहे. पण 'ही रीतच चूक आहे, मोडा' असं चिंपांझी टोळीला सांगू शकत नाही. त्याला बुद्धी लागते.

तर्कट:
आणि चुकीची रीत शास्त्राधाराने टिकवायलाही बुद्धीच लागते. विधवांचं केशवपन कुठल्या उपजत प्रेरणेतून आलं? त्यालाही धर्मच म्हणत होते.

निवांत:
मग १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केशवपनाला नकार दिला, तो कशातून आला? त्यात त्यांचा स्वतःचा काय फायदा होता?

तर्कट:
काहीच नाही. पण मग त्या दिवशी धर्म कोणाकडे होता, भटजींकडे की न्हाव्यांकडे? सुभाषितातला धर्म कोणता, ते आधी सांगा.