‘विदेशी भाषेतील चित्रपट’ : कुणाला विदेशी? आणि गल्ला कुठला?

धरमपेठी :
मंडळी, एका पत्रकानं अडवून धरलंय. आमच्या वाचनालयाच्या सिनेमंडळात येत्या रविवारी गप्पा आहेत. विषय, आपला मुलूख सोडून बाहेर पैसा कमावणारे सिनेमे. पत्रकाचा मजकूर मी एक इंग्रजी लेख समोर ठेवून लिहिला. पहिलंच वाक्य : ‘दंगलपासून पॅरासाइटपर्यंत विदेशी भाषेतील चित्रपटांनी आंतरराष्ट्रीय बॉक्स ऑफिसवर मिळवलेले यश’. वाचायला भाच्याला दिलं. तो पोह्यांवर तर्री ओतत होता. बशीतून मान वर न करता म्हणाला, "मावशी, ‘दंगल’ कोणत्या विदेशी भाषेत होता वो? आपण तर हिंदीतच पाह्यला नं?"

मी गप्पच झाले. लेख लिहिणारा बसला होता अमेरिकेत. त्याची खुर्ची मी तशीच्या तशी उचलून नागपूरच्या धरमपेठेत आणून ठेवली होती.

तर प्रश्न दोन. एक, या सिनेमांना मराठीत काय म्हणावं : विदेशी, परदेशी, परभाषी, इंग्रजेतर? दोन, ‘बॉक्स ऑफिस’ला गल्ला म्हणावं की तिकीटबारी? परवा सकाळी मजकूर छापायला जायचा आहे.

मुद्राराक्षस :
‘इंग्रजेतर’ नको. इंग्रज + इतर = इंग्रजेतर, जसं ब्राह्मणेतर. म्हणजे इंग्रज सोडून बाकीची माणसं. भाषा म्हणायची असेल तर इंग्रजी + इतर = इंग्रजीतर. ई आणि इ मिळून ई. हिंदीतर बरोबर लिहिणारेही इंग्रजीपाशी आले की घसरतात, कारण कानाला ‘एतर’ची सवय झालेली. संधी टाळायचाच असेल तर ‘बिगरइंग्रजी’ आहे. सातबारावर ‘बिगरशेती’ चालतं, तर पत्रकावर हे का चालू नये?

तर्रीपोहा :
आमच्या घरी हा प्रश्नच नव्हता. जे हिंदी नाही, मराठी नाही, साऊथचं नाही, ते सगळं ‘इंग्रजी पिच्चर’. हाँगकाँगची कुंगफूची मारामारी, हिंदीत डब केलेली, पडद्यावर इंग्रजीचा एक शब्द नाही, तरी बाबा म्हणायचे, "चाल, इंग्रजी पिच्चर लागून राह्यला." आणि ‘बाहुबली’चा दुसरा भाग आला तेव्हा आख्खं नागपूर हिंदीतच पाहून आलं. हिंदी डबनं एकट्यानं देशात कर सोडून ५०० कोटींच्या वर नेट धंदा केला. तो आपल्यासाठी परभाषी होता का? तेलुगू म्हणून परभाषी, हिंदी म्हणून घरचा, आणि बोलताना ‘साऊथचा’. अमेरिकेत मात्र तोच फॉरेन.

धरमपेठी :
हेच ना! ‘परदेशी’ देशाला लागतं, ‘परभाषी’ भाषेला. इंग्रजीतल्या एका ‘फॉरेन’मध्ये दोन्ही कोंबलेलं. मेल गिब्सनचा २००४ चा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ घ्या. दिग्दर्शक हॉलिवुडचा, पैसाही त्याचाच, पण संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये. अमेरिकेतच ३७ कोटी डॉलर कमावले. हा विदेशी म्हणायचा की देशी?

तर्रीपोहा :
वाईनशॉपच्या पाटीवर असते ना, ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’? तसा हा अमेरिकी बनावटीचा विदेशी पिच्चर.

सीपीबेरार :
धरमपेठीताई, गल्ल्याबद्दल माझ्याकडून घ्या. आमचे बाबा अमरावतीला एका वितरकाकडे हिशोबाला होते. या धंद्यात वितरणासाठी देशाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात. पुणे आणि सुरत एका सर्किटात, कारण दोन्ही ‘मुंबई’. मराठवाडा ‘निझाम’मध्ये. आणि आपण ‘सी.पी. बेरार’, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड. या नावाचा प्रांत १९५० मध्येच गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण पिच्चरवाल्यांच्या तक्त्यात सी.पी. बेरार अजून नांदतं आहे. (माझं इथलं नाव तिथूनच.)

त्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘ओव्हरसीज’. लंडन, दुबई, फिजी, सगळं जग एका रकान्यात. बाबा पेन्सिलीनं लिहीत, बाकी सगळं शाईनं. का, तर सर्किटाचा आकडा रोजच्या डी.सी.आर.वरून, म्हणजे टॉकीजच्या दैनिक कलेक्शन रिपोर्टवरून ताडून बघता यायचा. आमचा माणूस टॉकीजवर उभा राहून फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं मोजायचा. ओव्हरसीजचा आकडा म्हणजे कुणी फोनवर सांगितलेला.

त्यांची शब्दांची शिस्त कडक होती. तिकिटांचे सगळे पैसे म्हणजे ग्रॉस. त्यातून करमणूक कर गेला (आता जीएसटी) की नेट. नेटमधून टॉकीजचं भाडं गेलं की वितरकाचा शेअर. ‘गल्ला’ यातलं काहीच नाही. आणि पेपरात बघा : देशातली कमाई नेट छापतात, बाहेरची ग्रॉस, आणि दोघांची बेरीज करून ‘गल्ला’ म्हणतात. बाबा असा पेपर घडी घालून बाजूला ठेवत. बोलत काही नसत.

कोथरूडकर :
माहिती छान. पण पत्रकासाठी मला ‘गल्ला’ हा शब्द जरा हलका वाटतो. ‘गल्लाभरू सिनेमा’ ही तर सरळ शिवी आहे. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेल्या कोरियन ‘पॅरासाइट’नं गल्ला भरला, हे वाचताना खटकतं. ‘तिकीटबारीवरील उत्पन्न’ म्हणावं. भारदस्त आहे, स्पष्ट आहे.

मुद्राराक्षस :
‘तिकीटबारी’ तुमच्याकडची. ‘बारी’ म्हणजे छोटी खिडकी, झरोका. तुमच्याकडे ती रांगही असते, दर्शनबारी म्हणता तशी. नागपुरात कुणी बारीवर जात नाही, खिडकीवर जातो. इथं ‘बारी’ म्हटलं की हिंदीतली पाळी आठवते : "आता तुझी बारी".

आणि गल्ला हलका कसा? अरबी-फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ जमिनीचं उत्पन्न, धान्य. हिंदीत धान्यबाजार अजून गल्लामंडी. धान्य विकून आलेला पैसा ज्या पेटीत पडतो तोही गल्ला झाला. इतवारीच्या बाजारात सकाळी जाऊन बघा. शेठ गल्ल्यावर बसतो, नोकर बसत नाही. दिवसाची पहिली नोट कपाळाला लावूनच आत जाते. यात हलकं काय आहे? उलट ‘बॉक्स ऑफिस’ला याच्याइतका जवळचा दुसरा शब्द नाही. तिथला ‘बॉक्स’ म्हणजे नाटकगृहातले श्रीमंतांचे खासगी कक्ष. त्यांची तिकिटं जिथं मिळत ती कचेरी. दोन्हीकडे तेच झालं : जागेचं नाव पैशाला चिकटलं.

तर्रीपोहा :
आणि आपला डब्बा? पिच्चर चालला नाही की ‘डब्ब्यात गेला’. त्यांचा बॉक्स भरला तर हिट, आपला डब्बा बंद झाला तर फ्लॉप.

सीपीबेरार :
तो डबा रिळांचा. रिळं पत्र्याच्या डब्यांतून यायची, डबे पेटीतून. पिच्चर उतरला की रिळं परत डब्यात. ऑफिसात सकाळचा पहिला प्रश्न असायचा, "पेटी पोचली का?"

धरमपेठी :
कोथरूडकर, ‘गल्लाभरू’चा मुद्दा मला पटतो, पण तो दोष ‘भरू’चा आहे. पोटभरू म्हटलं म्हणून पोट वाईट होत नाही. गल्ला ठेवते.

आता पहिल्या प्रश्नाकडे. हा घोळ फक्त आपला नाही, हे शोधताना कळलं. ऑस्करवाल्यांनी २०१९ मध्ये ‘फॉरेन लँग्वेज’ हे पुरस्काराचं नाव बदलून ‘इंटरनॅशनल’ केलं, ‘फॉरेन’ जुनाट झालं म्हणून. नियम मात्र तोच : सिनेमा अमेरिकेबाहेर झालेला हवा आणि निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजी सोडून हवेत. त्याच वर्षी नायजेरियानं पहिल्यांदाच सिनेमा पाठवला, ‘लायनहार्ट’. तो बाद झाला, कारण बहुतेक संवाद इंग्रजीत. आता नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी! पाटी बदलली ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून, दारावरचा माणूस अजून भाषाच विचारतो आहे. नव्या नावाखाली हा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो ‘पॅरासाइट’ला, आणि त्याच रात्री मुख्य पुरस्कारही. जगभरचा त्याचा गल्ला २५ कोटी डॉलरच्या वर गेला.

म्हणून ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ हा शब्दही मी खोडला. कुठलाही सिनेमा स्वतःच्या घरी आंतरराष्ट्रीय नसतो.

मुद्राराक्षस :
सहमत. ‘आंतरराष्ट्रीय यश’ म्हणा, ते क्रियेला लागतं. ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ म्हटलं की जातीचा दाखला वाटतो.

कोथरूडकर :
मग ‘जागतिक कमाई’?

सीपीबेरार :
तिथंच खड्डा आहे. जागतिक म्हणजे घर धरून सगळं. चीनचा ‘नेझा २’ बघा, २०२५ मधला. दोन अब्ज डॉलरच्या वर गेला, ॲनिमेशनमध्ये जगात पहिला. पण त्यातला बहुतेक पैसा खुद्द चीनमधला. जागतिक आकडा अवाढव्य, परदेशी गल्ला त्या मानानं चिमूटभर. ‘दंगल’चं बरोबर उलटं. इथं डिसेंबर २०१६ मध्ये लागला, चीनमध्ये मे २०१७ मध्ये, आणि तिथला गल्ला इथल्याच्या दुपटीहून जास्त. दोघांनाही ‘जागतिक यश’ म्हटलंत तर वाचकाला काय कळणार?

अमेरिकेचा ‘डोमेस्टिक’ तर त्याहून वर. त्यात कॅनडा धरतात! मॉन्ट्रियलचा फ्रेंच सिनेमा त्यांच्या हिशोबात कमाईनं घरचा आणि भाषेनं परका.

तर्रीपोहा :
म्हणजे सुरतेचा पिच्चर ‘मुंबई’त धरल्यासारखंच की.

धरमपेठी :
एक गोष्ट पत्रकात मावत नाही म्हणून इथं लिहिते. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’, सन २०००. अमेरिकेत १० कोटी डॉलरच्या वर गेलेला पहिला परभाषी सिनेमा. शेवटी १२ कोटी ८० लाखांपर्यंत पोचला. खुद्द चीनमध्ये मात्र तेवढं कौतुक झालं नाही. एक कारण उच्चाराचं. नट हाँगकाँगचा, नटी मिशेल यो मलेशियाची. तिला तेव्हा मँडरिन, म्हणजे सिनेमातली चिनी, येत नव्हतं, संवाद ध्वनी पाठ करून म्हटले. अमेरिकेतला प्रेक्षक खालची इंग्रजी अक्षरं वाचत होता, त्याला हे कुठून कळणार? बीजिंगच्या कानाला मात्र ते टोचलं.

मालिकेत एखादा नट ‘काय करून राह्यला बे’ म्हणतो आणि त्याचा ‘राह्यला’ आपल्याला लगेच पकडता येतो, तेव्हा मला हाच सिनेमा आठवतो. ‘बे’ वेळेवर येतो, पण चुकीच्या जागी पडतो. परभाषी असायला परदेशी लागत नाही.

कोथरूडकर :
‘बे’ची जागा चुकते म्हणजे?

तर्रीपोहा :
ते समजावता येत नाही बे.

धरमपेठी :
झालं. अंतिम मजकूर असा : ‘दंगलपासून पॅरासाइटपर्यंत : इंग्रजीतर चित्रपटांचा मायदेशाबाहेरचा गल्ला’. भाच्याला परत दाखवला. म्हणाला, "आता कळून राह्यलं." आज दुपारी छापायला दिला.

मुद्राराक्षस :
‘मायदेशाबाहेरचा’ झकास. इंग्रजीही नाही, जड संस्कृतही नाही.

सीपीबेरार :
आकडे दिलेत तर ग्रॉस की नेट ते लिहा, ताई.

धरमपेठी :
पत्रकं आली. पाचशे. कंपोझ करणाऱ्या पोराला ‘इंग्रजीतर’ चूक वाटली, त्यानं न विचारता ‘इंग्रजेतर’ करून टाकलं.

मुद्राराक्षस :
अरे देवा.

तर्रीपोहा :
काही बिघडत नाही, मावशी. इंग्रज सोडून बाकी सगळ्यांचे पिच्चर. म्हणजे आता हॉलिवुडवालेही बसवता येतील.