बीपीडी असलेल्या मैत्रिणीचं असं अचानक उसळणं कसं समजून घ्यायचं?

सायलीची_आई
कॉलेजपासूनची मैत्रीण आहे माझी, अकरा वर्षं झाली. मागच्या वर्षी तिच्या डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, सांगितलं. गेल्या शनिवारी भेटणार होतो पण सासूबाईंना ताप आला म्हणून सकाळी मेसेज टाकला की आज नाही जमत गं, पुढच्या आठवड्यात बघू. बास एवढंच. दुपारपर्यंत सतरा मेसेज, आधी रडण्याचे, मग तू कधी माझी नव्हतीसच, मी मेले तरी तुला काही वाटणार नाही, मग ब्लॉक. रात्री एकला दुसऱ्या नंबरवरून सॉरी सॉरी, मला सोडून जाऊ नकोस. आणि हीच मुलगी माझ्या डिलिव्हरीला तीन रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपली होती. मला तिला सोडायचं नाहीये पण हल्ली फोन वाजला की पोटात गोळा येतो. एवढ्याशा गोष्टीवर एवढं का होतं?

नदीकाठ
माझ्या धाकट्या भावाला आहे. ताई, तुमच्या मेसेजमधला 'बघू' हा शब्द बघा. आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की आपण बघू म्हणतो, हे त्यालाही माहितीये, त्यामुळे त्याला त्यात थेट 'तू नकोस' ऐकू येतं. टाकून दिलं जाण्याची भीती हा या आजाराचा गाभाच आहे. डीबीटी ही थेरपी ज्यांनी तयार केली त्या मार्शा लिनहॅन सांगतात की या माणसांना भावनांची कातडीच नसते, अंगभर भाजलेल्या माणसासारखं, नुसता हात लागला तरी कळवळतात. त्या स्वतः तरुणपणी यातून गेल्यात, २०११ मध्ये त्यांनी ते जाहीर सांगितलं. भावना लवकर पेटते, जोरात पेटते आणि विझायला खूप वेळ घेते, हे तिसरं आम्हाला घरात कळायलाच दोन वर्षं लागली. आपण अर्ध्या तासात विसरलेलो असतो, तो संध्याकाळपर्यंत त्यातच. आता आम्ही बघू म्हणतच नाही, 'आज नाही, बुधवारी सातला येतो' असं सांगतो आणि काही झालं तरी जातो.

मीच_ती
मला स्वतःला बीपीडी आहे म्हणून लिहिते. त्या क्षणी त्या तीन रात्री तिलाही आठवत नसतात हो, खरंच. चांगलं सगळं पुसलं जातं, समोरचा एकतर देव नाहीतर दगड. नाटक नसतं ते. तेव्हा 'तू ओव्हररिॲक्ट करतेयस' म्हणालात तर आगीत तेल, आणि मुद्दे मांडून समजावूही नका, डोक्यात शिरत नाही. 'तुला खूप लागलंय हे कळतंय मला' एवढं पुरतं. याचा अर्थ तिचे आरोप मान्य करा असा नाही, वाईट वाटणं खरं असू शकतं आणि आरोप खोटा, दोन्ही एकदम. नंतर जी लाज वाटते ना ती रागापेक्षा भयंकर असते, एकचा फोन त्यातूनच आला असणार. माझ्यासारख्या कितीतरी जणी बाहेर ओरडतही नाहीत, सगळं स्वतःवर काढतात. दीड वर्ष डीबीटी करतेय, लाट अजून येते पण आता ती येताना दिसते मला.

आभाळमाया_७
मेले तरी असं लिहिलंय ते सोडून देऊ नका. धमकी आहे असं समजून गप्प बसू नका. शांत झाली की सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात येत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, तुम्हीही करू शकता. पण आत्ताच काही करून घेईल असं वाटलं तर तिला एकटं सोडू नका, ११२ लावा. आणि तुमच्या पोटातला गोळापण खरा आहे. रात्री अकरानंतर साधा फोन घेणार नाही, अगदीच जिवावरचं असेल तर तसं लिही, असं चांगल्या वेळी ठरवून घ्या. भांडणात ठरवलेलं तिला शिक्षा वाटेल.

सायलीची_आई
वाचून रडले. काल विचारलं तिला सरळ. हो म्हणाली, अधूनमधून येतात, पण आत्ता नाहीत. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. गुरुवारी चारला तिच्याबरोबर मी जातेय. बघू नाही म्हटलं, येते म्हटलं.