सस्कॅचेवानची आरोग्य विमा योजना आणि वुड्रो लॉइड

कॅनडातली सार्वजनिक आरोग्य विमा योजना, म्हणजे डॉक्टरांचा खर्च सरकारी विम्यातून भरण्याची सोय, ही एकट्या टॉमी डग्लस यांची देणगी, असं अनेकदा सांगितलं जातं. डग्लस म्हणजे कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री). कल्पना आणि सतरा वर्षांची तयारी त्यांचीच, यात वाद नाही. 1947 सालचा रुग्णालय विमाही त्यांच्याच काळातला. पण नोव्हेंबर 1961 मध्ये ते नव्या एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) पक्षाचं नेतृत्व करायला केंद्रीय राजकारणात गेले, आणि योजना प्रत्यक्ष सुरू करण्याची वेळ आली ती त्यांच्यानंतर प्रीमियर झालेल्या वुड्रो लॉइड यांच्यावर. लॉइड यांचं नाव या श्रेयात एकदाही येऊ नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

लॉइड मूळचे शिक्षक, 1944 पासून सस्कॅचेवानचे शिक्षणमंत्री. गावोगावच्या चिमुकल्या शाळा-मंडळांचं एकत्रीकरण त्यांनी केलं, तेव्हाही खेड्यांचा रोष ओढवून घेतला होता. 1 जुलै 1962 ला योजना लागू झाली आणि त्याच दिवशी तिच्या विरोधात प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप 23 दिवस चालला. वर्तमानपत्रं विरोधात, प्रांताच्या राजधानीत, रेजायनाला, विधिमंडळासमोर मोर्चा, तरी लॉइड मागे हटले नाहीत. ब्रिटनहून आलेल्या लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने सस्कॅटून शहरात तडजोड झाली: डॉक्टरांच्या काही अटी मान्य झाल्या, पण सर्वांसाठी सरकारी विमा हा गाभा शाबूत राहिला. 1964 ची प्रांतातली निवडणूक लॉइड यांचा पक्ष हरला. नव्या लिबरल सरकारने मात्र योजना मोडली नाही, आणि 1966 मध्ये केंद्राने देशभरासाठी तसाच कायदा केला.