रोख्यांतून उद्यान उभे राहते, पण झाडलोटीचे काय?
सरकारने रोखे काढले, म्हणजे लोकांकडून व्याजाने कर्ज उभारले, की करवाढीवाचून उद्याने होतात, हे म्हणणे मला अर्धेच पटते. कॅलिफोर्नियातील मतदारांनी जून २०१८ मध्ये मंजूर केलेल्या प्रस्ताव ६८ या रोखे-प्रस्तावाच्या सुमारे ४ अब्ज डॉलरपैकी ७२.५ कोटी उद्यानांची वानवा असलेल्या वस्त्यांसाठी होते. मात्र परतफेडीपोटी राज्याच्या तिजोरीतून ४० वर्षे दरसाल सरासरी २० कोटी डॉलर जातील, असा अंदाज मतदानापूर्वीच मांडला गेला होता. शिवाय हा पैसा मुख्यतः जमीन आणि बांधकामाचा. माळ्याचा पगार, गळका नळ, रात्रीचे दिवे त्यात बसत नाहीत (त्यांच्यासाठी फीतही कोणी कापत नाही म्हणा). लॉस एंजेलिस काउंटीतील मतदारांनी २०१६ मध्ये बांधकामाच्या दर चौरस फुटामागे दीड सेंट कर स्वीकारला, त्यातला काही हिस्सा देखभालीसाठीच राखलेला आहे.