संपूर्ण आकाशाच्या कॅमेऱ्यासाठी सेन्सर आणि लेन्स यांची जोडी कशी जुळवावी?

मृगशीर्ष:

सर्वांना नमस्कार. मी अकोले तालुक्यात भंडारदऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी आठवी-नववीची मुले शाळेच्या गच्चीवर जमली होती. माझ्याकडे १८-५५ मिमी लेन्सचा जुना डीएसएलआर आहे; तो तिपाईवर लावून पहाटेपर्यंत छायाचित्रे घेतली. "सर, ती बघा!" असे मुले ओरडत आणि बहुतेक वेळा उल्का कॅमेऱ्याच्या पाठीमागून गेलेली असे. सकाळी मुलांच्या वहीत ६१ रेघा होत्या आणि माझ्या कार्डात दोन उल्का.

त्यामुळे गच्चीवर कायमचा, संपूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा बसवावा असे ठरवले आहे. ठळक उल्का मिळाव्यात, ध्रुवताऱ्याभोवती तारे फिरताना रात्रभराच्या चलचित्रात मुलांना दिसावेत आणि ढगांची नोंद राहावी, एवढीच अपेक्षा आहे. शाळेकडे एक रास्पबेरी पाय ४ (छोटा, एका पाटीवरचा संगणक) आहे. त्याला जोडण्यासाठी आयएमएक्स४७७ सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) एचक्यू कॅमेरा, सोबत २.१ मिमी लेन्स मिळणारा एएसआय१२०एमसी-एस आणि आयएमएक्स४६२ सेन्सरचा एखादा कॅमेरा असे तीन पर्याय डोळ्यांपुढे आहेत. यांतला कोणता घ्यावा आणि त्याला कोणती लेन्स लावावी? डीएसएलआरला फिशआय (जवळजवळ सगळे आकाश एका चित्रात घेणारी) लेन्स घेऊन तोच वर ठेवला तर चालेल का?

व्याध:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डीएसएलआर रोजच्या कामाला लावू नये. डिसेंबरची दहा तासांची रात्र आणि ३० सेकंदांची एकेक प्रतिमा धरली तर एका रात्रीत १,२०० वेळा शटर पडते. एक लाख वेळा टिकणारे शटर त्या हिशेबाने तीन महिन्यांत संपते. शिवाय १८ मिमीवर आपल्या लेन्सला आडवे ६३ आणि उभे ४५ अंशच दिसतात, म्हणजे डोक्यावरच्या आकाशाचा जेमतेम आठवा भाग. मुलांच्या रेघा आणि आपले कार्ड यांतली तफावत बरीचशी यामुळेच आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण सेन्सर समोर ठेवून लेन्स शोधत आहात. या कामात दोन्ही एकत्रच निवडावे लागतात. फिशआय लेन्समध्ये खस्वस्तिकापासूनचे (थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचे) कोनीय अंतर आणि चित्राच्या मध्यापासूनचे अंतर साधारणपणे सम प्रमाणात असते. म्हणून नाभीय अंतराला (लेन्सच्या नावातल्या मिमीच्या आकड्याला) ३.१४ ने गुणले की १८० अंशांच्या आकाशाचे वर्तुळ सेन्सरवर केवढे पडेल ते कळते. ते वर्तुळ सेन्सरच्या लहान बाजूत मावले पाहिजे. मोठी बाजू आणि मेगापिक्सेलचे आकडे यांकडे त्यानंतर पाहावे.

याच मापाने आपले पर्याय तपासू. एएसआय१२०एमसी-एसचा सेन्सर ४.८ × ३.६ मिमी आहे. सोबतच्या २.१ मिमी लेन्सचे वर्तुळ ६.६ मिमी भरते, म्हणजे लहान बाजूने सुमारे ९८ अंश आणि मोठ्या बाजूने सुमारे १३१ अंशच मिळतात. आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे खस्वस्तिकापासून साडेसत्तर अंशांवर असतो. मोठी बाजू उत्तर-दक्षिण ठेवली तरी तो चित्राबाहेरच राहील आणि आपला दुसरा हेतूच फसेल. आयएमएक्स४६२ अतिशय संवेदनशील आहे, परंतु त्याची लहान बाजू ३.२ मिमी एवढीच आहे, १.५५ मिमी लेन्स लावून मोठी बाजू उत्तर-दक्षिण ठेवली तर ध्रुवतारा मिळेल, मात्र पूर्व आणि पश्चिम क्षितिजाकडचे तीस-तीस अंश जातील.

एचक्यू कॅमेऱ्याचा सेन्सर ६.२९ × ४.७१ मिमी आहे. १.५५ मिमी, एफ/२ (म्हणजे छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या निम्मा) लेन्सचे वर्तुळ ४.८७ मिमी येते. लहान बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्यास त्या दोन दिशांचे तळाचे तीन-तीन अंश कापले जातात आणि उत्तरेचे तीन अंश तसेही कळसूबाईच्या रांगेआड आहेत. पूर्व-पश्चिम क्षितिज पूर्ण मिळते. आपल्या गच्चीसाठी मला हीच जोडी सर्वांत योग्य वाटते. पिक्सेल १.५५ मायक्रॉनचे, म्हणजे फार लहान आहेत, म्हणून चार पिक्सेलचा एक करून वापरावे. मग एक पिक्सेल सुमारे सात कलांचा होतो (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). तारा ३० सेकंदांत जास्तीत जास्त साडेसात कला सरकतो, त्यामुळे तेवढ्या वेळातही तो ठिपकाच राहतो, रेघ होत नाही.

एक सूचना: लेन्स बसवण्याच्या सी आणि सीएस माउंट अशा दोन पद्धती आहेत आणि या कॅमेऱ्यावर सी माउंटसाठी ५ मिमीची कडी आधीच बसवलेली येते. लेन्स सीएस माउंटची असेल तर ती कडी काढावी लागते. मी ती काढली नव्हती आणि दोन रात्री चंद्रसुद्धा पिठाच्या गोळ्यासारखा दिसत होता.

ज्येष्ठा:

व्याध यांचे गणित मला मान्य आहे, मात्र उल्कांच्या बाबतीत अपेक्षा थोडी आवरती घ्यावी लागेल. तारा एकाच पिक्सेलवर थांबून प्रकाश साठवतो. उल्का एका सेकंदात दहा-वीस अंश धावते, म्हणजे सात कलांच्या पिक्सेलवर ती सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच असते. त्यामुळे एक्स्पोजर (एका प्रतिमेसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) वाढवून उल्का उजळत नाही. वाढते ती फक्त आकाशाची पार्श्वभूमी आणि तिच्यात उल्का बुडते. म्हणून ३० ऐवजी १५ सेकंद ठेवावेत, असे माझे मत आहे.

उल्केसाठी महत्त्वाचा असतो तो लेन्सच्या छिद्राचा व्यास. १.५५ मिमीला एफ/२ म्हणजे पाऊण मिमीहून किंचित मोठे छिद्र. अंधाराला सरावलेल्या मुलांच्या डोळ्यांची बाहुली सहा-सात मिमी असते. वहीतल्या ६१ उल्का या कॅमेऱ्यात उतरणार नाहीत, ठळक तेवढ्याच उतरतील. हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे त्यांच्या वहीचे मोल त्यांना कळेल. केवळ उल्काच नोंदवायच्या असतील तर ग्लोबल मीटिअर नेटवर्कचे सदस्य वापरतात तसा, आकाशाचा एक तुकडा पाहणारा अरुंद लेन्सचा चलचित्र कॅमेरा घ्यावा लागतो. ते काम वेगळे आहे.

कृष्णधवल सेन्सर अधिक प्रकाश टिपतो हे खरे. तरीही शाळेसाठी रंगीतच घ्यावा. रोहिणीचा तांबूस आणि व्याधाचा निळसर रंग मुलांना चित्रात ओळखता आला पाहिजे.

मृगशीर्ष:

दोघांचेही मनापासून आभार. ध्रुवतारा चित्राबाहेर जाईल हे माझ्या लक्षातच आले नव्हते. सोबत लेन्स मिळते म्हणून मी तोच कॅमेरा मागवणार होतो. आता पेटीबद्दल विचारतो. आमच्याकडे पहाटे दव फार पडते आणि घाटघर-रतनवाडीच्या बाजूचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे.

सह्यकडा:

पेटीबद्दल मी अनुभवाने सांगू शकतो. घुमट ॲक्रिलिकचा, पूर्ण अर्धगोल घ्यावा आणि लेन्सची वरची काच त्याच्या केंद्रापाशी येईल अशी उंची ठेवावी, नाहीतर क्षितिजाकडचे तारे ओढल्यासारखे दिसतात. सीसीटीव्हीचे झाकण वापरू नये, कारण त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. उन्हापावसात घुमट कालांतराने खराब होतो, म्हणून बदलता येईल असाच घुमट बसवावा.

दवासाठी घुमटाच्या कडेने आतून ३३० ओहमचे सहा रेझिस्टर समांतर जोडून त्यांना १२ व्होल्ट द्यावेत. एकूण सुमारे २.६ वॅट उष्णता मिळते आणि घुमट हवेपेक्षा किंचित उबदार राहतो, तेवढे पुरते. प्रत्येक रेझिस्टर एक वॅटचा घ्यावा. पाव वॅटचे जळतात. पेटीला पांढरा रंग द्यावा. सेन्सर जितका तापतो तितके चित्रात पांढरे-लाल ठिपके वाढतात. लेन्स झाकून त्याच तापमानाला घेतलेली काळी प्रतिमा वजा केली की ते बरेचसे जातात, पण उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी प्रतिमा ठेवावी लागते.

फोकस मात्र घाई न करता लावावा. एफ/२ ला लेन्स काही मायक्रॉन हलली तरी तारे फुगतात. अभिजित किंवा व्याध यांसारखा ठळक तारा आकाशात उंच असताना संगणकावर ठिपका मोठा करून पाहत फोकस लावावा आणि मग लेन्सच्या आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब सोडावा.

पावसाबद्दल माझा स्पष्ट सल्ला आहे: जूनमध्ये कॅमेरा उतरवावा, सिलिका जेलसह डब्यात ठेवावा आणि दसऱ्यानंतर पुन्हा चढवावा. तुमच्या बाजूला त्या चार महिन्यांत आकाश क्वचितच उघडते आणि पेटीत एकदा पाणी शिरले की सेन्सर वाचत नाही.

मृगशीर्ष:

एचक्यू कॅमेरा आणि १.५५ मिमी लेन्स हे नक्की केले. आज शाळा सुटल्यावर मुलांनी कोनमापकाला ओळंबा बांधून गच्चीवरून चहूबाजूंचे अडथळे मोजले. उत्तरेला डोंगर आठ अंशांपर्यंत येतो, परंतु पश्चिमेला पाण्याची टाकी तब्बल २६ अंश आकाश अडवते. त्यामुळे खांब जिन्याजवळ न उभारता पूर्वेच्या कोपऱ्यात उभारणार आहोत. तिथून टाकी ११ अंशांवर येते.