जागृतीही स्वप्नवत असेल, तर समोरचे जग कोणाचे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आमच्या वाचनमंडळात सध्या मांडूक्यकारिकांचे (मांडूक्य उपनिषदावरील गौडपादाचार्यांच्या श्लोकांचे) दुसरे, वैतथ्य म्हणजे मिथ्यात्वाचे प्रकरण चालू आहे. जागेपणी दिसणारे पदार्थही स्वप्नातल्या पदार्थांप्रमाणे मिथ्या आहेत, असे गौडपादाचार्य तेथे म्हणतात. मग तलावपाळीवर फिरताना मला दिसणारा मासुंदा तलाव माझ्याच मनाने रचला आहे काय? तसे असेल, तर शेजारून चालणाऱ्यालाही तोच तलाव कसा दिसतो? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (वाशी):
अद्वैताचे (एकच आत्मा सत्य मानणाऱ्या गौडपाद-शंकराचार्यांच्या मताचे) म्हणणे तसे मुळीच नाही. बाह्य पदार्थ नाहीतच, आहे ते केवळ विज्ञान (म्हणजे मनातली जाणीव), हे बौद्ध विज्ञानवाद्यांचे मत शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (ब्रह्मसूत्रे या वेदान्तग्रंथावरील टीकेत) खोडून काढले आहे. ‘नाभाव उपलब्धेः’ (वस्तू जाणवते, म्हणून तिचा अभाव नाही; २.२.२८) या सूत्रावर ते लिहितात की, जाणवणारी वस्तू नाकारणे म्हणजे जेवून तृप्त होत असलेल्या माणसाने ‘मी जेवत नाही, तृप्तही होत नाही’ असे म्हणणे. जागृती स्वप्नासारखी नाही, हे तर पुढचेच सूत्र सांगते, कारण स्वप्नाचा जागेपणी बाध होतो, म्हणजे ते खोटे ठरते. तलाव आपल्या मनाने रचलेला नाही. साक्षीच्या (मनालाही जाणणाऱ्या चैतन्याच्या) दृष्टीने आपले मनही तलावाइतकेच दृश्य आहे, आणि प्रश्नातला ‘मी’ नेमका येथेच तपासावा लागतो.

उत्तर (घोडबंदर रोड, ठाणे):
काका, आपले म्हणणे पटते, परंतु कारिकांवरील भाष्यही परंपरेने शंकराचार्यांचेच मानले जाते, तेव्हा जागृती स्वप्नासारखी आहे की नाही, हा दोन ग्रंथांतला विरोध तसाच सोडता येणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे सूत्रभाष्यातला जागृती-स्वप्नांचा भेद व्यावहारिक (रोजच्या अनुभवाच्या) पातळीवरचा आहे. तेथे तलाव सर्वांना समान आहे. कारिका पारमार्थिक (अंतिम सत्याच्या) दृष्टीने बोलतात, आणि त्या दृष्टीने तलाव, तो पाहणारे मन व शेजारचा माणूस यांपैकी कशालाही आत्म्यावेगळी सत्ता नाही.

उत्तर (नेरूळ):
मराठी वाचकाने येथे ज्ञानेश्वरांना विसरू नये. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचेच खंडन करतात, म्हणून जग अज्ञानामुळे भासते असे म्हणण्याची सोयच उरत नाही. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी म्हणजे एकाच चैतन्याचा विलास, असे ते मानतात. मला हे अधिक जवळचे वाटते, कारण येथे तलावाला मिथ्या ठरवून बाजूला सारावे लागत नाही.

उत्तर (वाशी):
ताई, ‘मिथ्या’ म्हणजे बाजूला सारण्याजोगे नव्हे, तर सत् किंवा असत् असे ठरवता न येणारे. मात्र अविद्येच्या, म्हणजे अज्ञानाच्या, प्रश्नावर ज्ञानेश्वर वेगळे बोलतात, हे मान्यच केले पाहिजे.