शाळा नऊची झाली पण गाडी तीच, पोराला रोज लेट शेरा. शाळेत जाऊन बोलू का?

गुहागरकडची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे, शाळा आमच्या वाडीपासून लांब, तालुक्याला. 2024 ला चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा जीआर आला आणि आमची साडेसातची शाळा नऊची झाली, सगळे खूश, पोरांची झोप होईल म्हणून. पण वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला असणारी एसटी, पावणेसातलाच सुटते आणि त्याच्यानंतरची स्टँडवर टेकते तीच नऊला, पुढे चालत जायचं. म्हणजे पोरगा पोचतो तेव्हा राष्ट्रगीत, प्रतिज्ञा सगळं होऊन दिनविशेष चालू असतो. मग दाराबाहेर उभा, डायरीत लाल पेनाने शेरा, वर ग्रुपवर मेसेज की काही पालकांना वेळेचं गांभीर्य नाही. नाव नसतं हो, पण कळायचं त्याला कळतंच ना. आमचे हे मुंबईला, सासूबाईंचे गुडघे गेलेत, स्कूटी येते मला पण पावसात घाटीच्या उताराला मागे पोर बसवून न्यायची हिंमत होत नाही. परवा म्हणतो, आई, मला ताप आलाय असं सांग ना बाईंना. मुख्याध्यापकांना भेटू का? की भांडखोर आई म्हणून शिक्का बसेल?

खडू_फळा
ताई, जरूर भेटा, मी स्वतः शिक्षिका आहे म्हणून सांगते. फक्त सकाळी गेटवर नको, त्या वेळी आमचं अर्धं लक्ष हजेरीत आणि अर्धं कोण पडलं कोण रडलं यात असतं. शाळा सुटल्यावरची वेळ मागून घ्या आणि गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून न्या. बाहेर उभं करणं चूकच आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे, पण ते कलम पहिल्याच वाक्यात काढू नका, समोरचा माणूस लगेच ताठ होतो. आणि ग्रुपवर उत्तर तर अजिबात देऊ नका.

दापोली_दादा
थोडं उलट बोलतो, राग नसावा. रोज पाच-सहा पोरं मागून आली की बाईंचा पहिला तास गेलाच समजा, आणि कारण विचारलं तर सगळे गाडीच सांगतात, रात्री अकरापर्यंत पोराच्या हातात मोबाईल असतो ते कोण सांगत नाही. तुमचं कारण खरं आहे ते दिसतंय. वस्तीच्या गाडीने हायस्कूलची पोरं जात असतील ना? त्यांच्याबरोबर पाठवा आणि शाळेला विचारा नऊपर्यंत कुठे बसवता येईल का.

खडू_फळा
दादा, दुसरीतलं पोर दीड-दोन तास कोणाच्या भरवशावर बसवणार? शिपाई पण साडेआठला येतो बहुतेक ठिकाणी.

मालवणी_मावशी
अगो बाय, कसलो भांडखोरपणा! झील तुझो, तू नाय बोलशीत तर कोण बोलतलो? आणि एक सांगते, रात्री वस्तीची गाडी गावात आली की नाय बघून ठेवायची, ती नाय आली तर सकाळची पण नाय, म्हणजे रात्रीच कळतं आणि बाईंना तेव्हाच मेसेज टाकता येतो. पावसात युनिफॉर्म चुलीवरच्या दोरीवर वाळत घालते मी, धुराचा वास येतो पण ओला घालण्यापेक्षा बरा. आणि भेटायला जाशील तेव्हा बुटांचं पण विचार, जून ते सप्टेंबर प्लास्टिकचे सँडल चालवून घ्या म्हणावं, आमच्या शाळेने ऐकलं. ओल्या मोज्यांत दिवसभर पाय कुजतात पोरांचे.

गुहागरकडची_आई
आभार सगळ्यांचे. सोमवारी तीनची वेळ मिळालीय. आमच्या बाजूने अजून चार मुलं त्याच गाडीला असतात, त्यांच्या आयांना पण नेऊ का?

खडू_फळा
एखादी न्या, सगळ्या नको, मोर्चा वाटेल. आणि एक मागणं नक्की करा. गाडी पंधरा मिनिटं आधी सोडा असं पत्र शाळेच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांना द्यायला सांगा, मुलांची संख्या आणि गावांची नावं टाकून. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा त्याला वजन असतं, आणि मुख्याध्यापकांना पण शेरे मारण्यापेक्षा हे काम बरं वाटेल. शाळा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, तिथून ठराव घ्या. गाडीचं ठरेपर्यंत पोराला गुपचूप मागच्या बाकावर बसू द्या एवढं तोंडी मागून घ्या.

दापोली_दादा
पत्राची पोच घ्या हां, शिक्का मारून.